कॅन्सरच्या शेकानंतर वर्षांनी सुरू झालेला लघवीचा त्रास: रोज काय करावे, कधी धावावे

गर्भपिशवीच्या तोंडाचा, प्रोस्टेटचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर बरा होऊन दहा-पंधरा वर्षे उलटतात आणि मग तासातासाला लघवी लागते, जळजळते, कधी लालसर होते. खानापूर-निपाणीकडे 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, नाहीतर वयाच्या माथी मारून गप्प बसतात. पण ओटीपोटावर घेतलेल्या शेकाचा (म्हणजे रेडिएशनचा, कुणी लाईट म्हणतात) परिणाम ६ महिन्यांनी दिसतो तसा २० वर्षांनीही दिसतो. मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, रक्तपुरवठा घटतो, भिंत ताठ होते. एरवी ४०० ते ५०० मिली धरणारी पिशवी १००-१५० मिलीलाच 'भरली' म्हणून सांगू लागते. आतल्या अस्तरावर नाजूक वाहिन्या उगवतात. त्या सहज फुटतात, म्हणून रक्त.

म्हणून पहिले काम: जो डॉक्टर तपासेल त्याला शेकाची गोष्ट आधी सांगा, त्याने विचारले नाही तरी. शेक मिरज-कोल्हापुरात झालेला, तपासणी बेळगावात आणि रोजचे औषध चिक्कोडी-अथणीच्या दवाखान्यातून, असे आपल्याकडे नेहमीचे आहे. एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुठला कॅन्सर, कुठल्या वर्षी, बाहेरून किती शेक, आतून नळीने दिला होता का, ऑपरेशन झाले का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. जुन्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. समोरच्याला मराठी येत नसेल तर 'मूत्रदल्लि रक्त बरुत्तिदे' एवढे कन्नड वाक्य पाठ असावे. लघवीतून रक्त येते आहे, असा त्याचा अर्थ.

दुसरे काम मोजण्याचे. मिलीच्या खुणा असलेले प्लास्टिकचे माप घ्या आणि सलग ३ दिवस, रात्रीसकट, प्रत्येक लघवीची वेळ आणि माप वहीत लिहा. किती प्यायलो, कधी गळती झाली, तेही लिहा. दर वेळी ८०-१२० मिलीच होत असेल तर पिशवी आक्रसलेली असू शकते. दिवसा ठीक, पण रात्री दर वेळी ३०० मिली होत असेल तर दोष पिशवीचा नसून शरीर रात्री जास्त लघवी बनवते आहे. पायांची सूज, हृदय, साखर, झोपेतले घोरणे हे पाहावे लागते. दोन्हींचे उपचार वेगळे, त्यामुळे ही वही कुठल्याही महागड्या तपासणीइतकीच मोलाची आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पाणी तोडणे. कमी प्यायल्याने लघवी दाट होते, दाट लघवी दुखऱ्या अस्तराला चावते आणि रक्त असेल तर त्याच्या गाठी (गुठळ्या) लवकर बनतात. हृदय-किडनीमुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल तर दिवसाला दीड ते दोन लिटर प्या, पण थोडे थोडे, आणि बहुतेक संध्याकाळी सातच्या आत. चहा मात्र खरोखर त्रास देतो. पाच-सहा कप एकदम बंद केले तर डोके दुखते, म्हणून आठवड्याला एक कप कमी करत दोनवर या. खर्डा, लाल रस्सा, लिंबू, सोडा यांतले एकेक दोन आठवडे सोडून वहीत फरक पाहा. सगळ्यांना सगळे बाधत नाही. विडी-सिगारेटबाबत मात्र सवलत नाही. शेक घेतलेल्या मूत्राशयाला पुढे कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला असतोच, धूर तो आणखी वाढवतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते.

पिशवीला सवय लावता येते. घाई आली की पळू नका, पळताना गळती हमखास होते. जागीच थांबा किंवा बसा, लघवी-वारा रोखतो तो स्नायू ५-६ वेळा झटपट आवळा-सोडा, श्वास चालू ठेवा. लाट ओसरली की सावकाश जा. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे लांबवा, जमले की १०, मग १५. याच स्नायूचा व्यायाम दिवसातून ३ वेळा: ५ सेकंद आवळून ५ सेकंद सैल, असे १० वेळा, पोट-मांड्या न ताणता. चालू लघवी मध्येच अडवून सराव करू नका. फरक कळायला दोन-तीन महिने जातात. शेकाने ताठ झालेली पिशवी पूर्वीसारखी ४०० मिलीवर जाईल अशी आशा कुणी दाखवली तरी धरू नका. तासाचा दीड तास झाला तरी ते मोठे यश आहे.

लघवीची घाई कमी करणाऱ्या गोळ्यांमध्ये सोलिफेनॅसिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन हा एक गट. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, म्हाताऱ्या माणसात गोंधळलेपणा येऊ शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन वेगळ्या प्रकारचे, त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. सुरू करण्याआधी लघवीनंतर पिशवीत किती उरते हे सोनोग्राफीत पाहून घ्या. बरीच उरत असेल तर या गोळ्यांनी लघवी तुंबू शकते.

जंतुसंसर्गाचा घोळ नीट समजून घ्या. शेकाने सुजलेल्या मूत्राशयातून जंतू नसतानाही पू-पेशी आणि रक्तपेशी येतात, त्यामुळे साध्या रिपोर्टवर दर महिन्याला अँटिबायोटिक देणे चूक ठरते. गोळी सुरू करण्यापूर्वी कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याची तपासणी) करा. जागा धुऊन पहिली धार सोडा, मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत घ्या. नमुना दोन तासांत पोचला पाहिजे. लांबच्या गावाहून येत असाल तर लॅबमध्येच द्या. थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखले तर कल्चरच्या निकालाची वाट पाहत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रक्त एकदाच दिसले आणि थांबले तरी यूरॉलॉजिस्टला (मूत्रविकाराच्या डॉक्टरांना) दाखवा. दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय 'शेकामुळेच आहे' असे कुणालाच म्हणता येत नाही. त्यांना शेकाबद्दल सांगणे इथे दुप्पट गरजेचे, कारण अशा भिंतीचा तुकडा काढला तर जखम भरायला त्रास होतो आणि ते विचारपूर्वकच करावे लागते. लघवी फिकट गुलाबी असेल तर पाणी वाढवा, जड उचलणे थांबवा, दोन-तीन दिवसांत वेळ घ्या. कोकम सरबतासारखी गडद असेल किंवा गाठी पडत असतील तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय. गाठ अडकून लघवी बंद झाली, ओटीपोट दगडासारखे झाले, तर पाणी पिणे थांबवा आणि रात्र असली तरी निघा. तीन तोंडांची जाड नळी घालून पिशवी धुवावी लागते, बारीक नळी गाठींनी बुजते. ॲस्पिरिनसारखी गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. वारंवार रक्त येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा आणि दाबाखालच्या ऑक्सिजनच्या उपचाराबद्दल विचारा: बंद कक्षात रोज साधारण दीड तास, ३० ते ४० वेळा. मोठ्या शहरात राहावे लागते, खर्च आधी विचारून घ्या.

बाईला योनीतून सतत, घाई न लागताच लघवी झिरपत असेल तर ती साधी गळती नाही, मूत्राशय आणि योनीत भोक पडलेले असू शकते. लाजून वर्ष घालवू नका.

कपड्याची आणि कातडीची काळजी घ्या. पाळीचे पॅड लघवी पटकन शोषत नाहीत, लघवीचे पॅड वेगळे मिळतात. ते परवडत नसतील तर जुनेराची सुती घडी चालेल, पण ओली झाली की लगेच बदला, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि उन्हात वाळवा. खानापूरच्या पावसात ऊन नसते, तेव्हा घड्या दुप्पट लागतात. कातडी साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. जाड थर पॅडचे शोषणे बंद करतो. नाडीच्या गाठीपायी गळती होते, लेंगा-परकराला इलास्टिक लावा.

रात्रीसाठी: संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडा, म्हणजे पायातले पाणी झोपेआधीच उतरते. संडास परसात असेल तर खाटेजवळ झाकणाचे भांडे आणि बॅटरी ठेवा. अंधारात ओल्या फरशीवर घसरून खुबा मोडणे लघवीच्या त्रासापेक्षा वाईट. लग्नाला-यात्रेला जाताना वडापऐवजी (खाजगी जीपऐवजी) बस घ्या, दाराजवळची बाजूची जागा धरा, निघण्याआधी दोनदा जा: एकदा झाल्यावर अर्धा मिनिट थांबून पुढे वाकून पुन्हा. सोबतच्या सामानात दोन सुती घड्या, एक परकर किंवा लेंगा, प्लास्टिकची थैली आणि ती चिठ्ठी.