गावाची पाणीयोजना वनजमिनीत अडकली? या चुका टाळा

डोंगरापलीकडे बारमाही पाणी, अलीकडे गाव आणि मधे वनखात्याची हद्द. टाकी बांधून होते, घरोघरी नळ बसतात, पण मधल्या पट्ट्यातून पाइप न्यायला परवानगी नाही म्हणून तोट्या कोरड्याच राहतात. मग सगळा राग वन कायद्यावर निघतो. खरं तर गावाच्या पाण्यासाठी कायद्याने वाट ठेवलेली आहे. आपण ती उलट्या क्रमाने चालतो, म्हणून अडकतो.

ही वाट म्हणजे वनहक्क कायदा २००६ मधलं कलम ३(२). शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा १३ सार्वजनिक सोयी त्यात नमूद आहेत. पिण्याच्या पाण्याच्या योजना व पाइपलाइन, तलाव व छोटे जलसाठे, पावसाचं पाणी साठवण्याची बांधकामं आणि लघुसिंचनाचे कालवे त्यातच येतात. अटी अशा: सोय शासनाने चालवलेली हवी, दर प्रकरणात वनजमीन १ हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एवढं जुळलं तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीचा लांबचा फेरा घ्यावा लागत नाही. तरीही अनेक छोटे प्रस्ताव सवयीने त्याच फेऱ्यात टाकले जातात आणि वर्षानुवर्षं त्रुटीपूर्ततेत फिरतात. ही पहिली चूक.

सगळ्यात महाग चूक म्हणजे आधी कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि मग परवानगी. ठेकेदार जेसीबी घेऊन हद्दीत शिरतो, वनरक्षक पंचनामा करतो, मशीन जप्त होतं आणि पाण्याचं काम वनगुन्हा होऊन बसतं. त्यानंतर प्रस्ताव कितीही चांगला असला तरी वनखात्याचा विश्वास उडालेला असतो. म्हणून आराखडा कागदावर असतानाच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना सोबत घेऊन पाइपलाइनची रेषा चालून बघा. पुष्कळदा जुन्या पायवाटेच्या कडेने रेषा सरकवली की एकही झाड जात नाही.

आता मोजणीचं बघू, कारण प्रस्ताव बहुधा इथेच बुडतो. समजा, जंगलातून २ किलोमीटर पाइप न्यायचा आहे. चर १ मीटर रुंद धरला तर २,००० चौरस मीटर, म्हणजे ०.२० हेक्टर जागा लागते. पण अंदाजपत्रक करणारा सवयीने ५ मीटरचा पट्टा धरतो आणि आकडा बरोबर १ हेक्टर होतो. कायदा म्हणतो १ हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे प्रस्ताव तिथेच बाद. उलट चूकही तितकीच घातक आहे. बंधारा किंवा तलाव असेल तर फक्त भिंतीखालची जागा दाखवतात आणि पाण्याखाली जाणारी जमीन विसरतात. तीही मोजावीच लागते. आणि एकाच मोठ्या योजनेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा १ हेक्टरच्या आत बसवायचा मोह पूर्णपणे टाळा. ही सवलत छोट्या गावांसाठी आहे. तिचा असा गैरवापर झाला तर उद्या खऱ्या गरजवंताच्या फाइलकडेही संशयाने बघितलं जाईल.

सातबारा पाहून ‘ही तर महसूलची जमीन’ असं ठरवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून मालकी कुणाचीही असो, जमीन वन आहे का, हे पाहावं लागतं. पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी महसुली नोंदीत असूनही वनच धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा गटनंबराबरोबर वनखात्याचा कक्ष क्रमांक (खात्याने जंगलाचे जे भाग पाडलेत, त्यातल्या भागाचा क्रमांक), नकाशा आणि जीपीएसची नोंद जुळवून घ्या.

ठरावाबाबत एकच, पण कळीची गोष्ट: ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव चालत नाही, ग्रामसभेचाच लागतो. पुरेशी उपस्थिती, सह्या, महिलांचा सहभाग, सोय कोणती, कक्ष कोणता, क्षेत्र किती, झाडं किती हे सगळं त्यात हवं. ‘पाणीयोजनेस मंजुरी देण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीवर कुणी सही करणार नाही, आणि करूही नये. ज्या पाड्याचं जंगल आहे, तिथल्या माणसांनी रेषा स्वतः पाहून हो म्हटलेलं असलं पाहिजे.

अभयारण्य असेल तर मात्र हिशेब बदलतो. कलम ३(२) ची सूट वनसंवर्धन कायद्यापुरती आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू राहतोच. त्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यात येणारं किंवा तिथून बाहेर जाणारं पाणी वळवायला, अडवायला किंवा वाढवायलाही परवाना लागतो. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याने म्हादई नदीचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या कळसा-भांडुरा कामांविरुद्ध म्हादई अभयारण्यासाठी याच कलमाचा आधार घेतला. ही कडक अट मला योग्यच वाटते. मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तानसा तलाव आज अभयारण्याच्या कुशीत आहे. भोवतालचं रान गेलं तर तलाव गाळाने भरायला वेळ लागणार नाही. पर्यायी रेषा हद्दीबाहेरून जात असेल तर खर्च थोडा वाढला तरी तीच घ्या.

आणि फाइल आधीच अडकली असेल तर? नेमकी कुठे अडकली, ते लेखी मागा. पाणीपुरवठा विभागाने प्रपत्र ‘अ’ (प्रस्तावाचा अर्ज) भरलंय का, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा स्थळपाहणी अहवाल पुढे गेलाय का, हे तपासा. मे २००९ च्या केंद्रीय कार्यपद्धतीनुसार उपवनसंरक्षकांना (प्रस्तावावर निर्णय देणाऱ्या वनअधिकाऱ्यांना) प्रस्ताव मान्य नसेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. समितीपुढे प्रकरण ठेवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.