पेट-स्कॅनच्या रिपोर्टात पिट्युटरीचं नाव आलं तर

गेल्या वर्षी ह्यांचे लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) उपचार संपले आणि पेट-सीटी केला. गाठी सगळ्या विरघळल्या होत्या. आम्ही पेढे आणायच्या बेतात, तोच दुसऱ्या पानावर एक ओळ दिसली: पिट्युटरीत एका जागी जास्त शोषण, एमआरआय करावा. म्हणजे स्कॅनआधी टोचलेलं साखरेसारखं औषध तिथे जास्त ओढलं गेलं होतं. त्या रात्री दोघांचाही डोळा लागला नाही. तुमच्या हातात असा कागद असेल तर आम्ही कसं निभावलं ते सांगते.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत हरभऱ्याएवढी ही हॉर्मोन बनवणारी ग्रंथी असते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयतही साधारण दहांतल्या एकाच्या पिट्युटरीत काहीतरी बारीक सापडतं आणि ते बहुतेकदा कर्करोगाचं नसतं. तरी आधी कर्करोग होऊन गेला असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगाच्या डॉक्टरांना) ती ओळ बोट ठेवून दाखवाच.

मग एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे जा. एमआरआय साध्या मेंदूचा नको, खास पिट्युटरीचा, काँट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन. ह्यांची गाठ 6 मिमी निघाली. 10 मिमीच्या आतली ती लहान. गाठ डोळ्यांच्या नसांना टेकत असेल तर नजरेचा परीघ तपासतात. ह्यांना ते लागलं नाही.

खरी धावपळ रक्ताच्या तपासण्यांत झाली. प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन), आयजीएफ-1 (यावरून वाढीच्या हॉर्मोनचा अंदाज येतो), थायरॉइड, सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन). प्रोलॅक्टिन वाढलेलं आलं आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी विचारलं, अ‍ॅसिडिटीची गोळी घेता का? घेत होते, वर्षभर, डोमपेरिडोन असलेली! या औषधाने प्रोलॅक्टिन वाढतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती थांबवली, तीन दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा जागेवर आला. म्हणून जाताना घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने काही हॉर्मोनचे आकडे चुकीचे येतात. केमोबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं असेल तर कधी संपलं ती तारीख लिहून न्या, कारण कॉर्टिसॉलचा अर्थ त्यावर लागतो. आपल्या मनाने मात्र कुठलंच औषध बंद करू नका, स्टेरॉइड तर नाहीच नाही.

वाढीचं हॉर्मोन जास्त झालंय का हे बघायला डॉक्टर चपलेचा नंबर वाढला का, अंगठी घट्ट होते का, असं विचारतील. बायकांना पाळीबद्दल, पुरुषांना इच्छेबद्दल. ह्यांनी तिथे मान खाली घातली, मग मीच उत्तर दिलं. लाजू नका, निदानाला त्याची मदत होते.

आम्हाला ऑपरेशन लागलं नाही, वर्षाने पुन्हा एमआरआय सांगितलाय. जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, तुलना तिच्याशीच होते. मधल्या काळात अचानक असह्य डोकं दुखून उलट्या झाल्या, किंवा दिसायला कमी झालं, दोन-दोन दिसू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं. ही सूचना मी फ्रिजवर चिकटवली आहे.