एका टर्मिनसवरून दुसऱ्या टर्मिनसवर, सायकलने

पहिली गाडी शहराच्या एका टोकाला सोडते, पुढची दुसऱ्या टोकाहून सुटते. मधले पाच-सहा किलोमीटर सायकलने सहज निघतात. गाडी चुकते ती बहुतेक दोन्ही टोकांना, म्हणजे जिन्यात, लिफ्टच्या रांगेत, नाहीतर चुकीच्या दारापाशी.

सामान लादलेली सायकल सिग्नल धरून ताशी 12 ते 15 किलोमीटर जाते, म्हणजे 6 किलोमीटरला अर्धा तास धरा. फलाटावरून रस्त्यावर यायला 10 मिनिटं, पलीकडे डब्यापर्यंत पोचायला 20, पंक्चरसाठी राखीव 15. झाला सव्वा तास. पहिली गाडी उशिरा येण्याची सवय असलेली असेल, तर तो उशीर यात वेगळा मिळवा.

नकाशावरचा सर्वांत जवळचा रस्ता बऱ्याचदा सर्वांत जास्त वळणांचा असतो आणि दर वळणाला थांबून फोन बघण्यात वेळ जातो. एखादा किलोमीटर जास्त पडला तरी सरळ रस्ता बरा. मध्ये नदी असेल तर आधी पूल ठरवा, मग त्याच्या दोन्ही बाजू जोडा. नकाशावर खूण स्टेशनच्या नावावर न करता नेमक्या दारावर करा. नाव पुष्कळदा रुळांच्या मधोमध असतं आणि मोठ्या स्टेशनला वळसा घालण्यातच दहा मिनिटं जातात. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

सामान पाठीवर नको. घाम येतो, तोल वर सरकतो, मागे वळून बघणं अवघड होतं. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या, जड वस्तू तळाशी. पिशव्या जरा मागे सरकवा, नाहीतर दर पायडलला टाच आपटते. 32 ते 35 मिलिमीटरच्या टायरमध्ये 60 ते 70 पीएसआय हवा पुरते. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जाऊ नका. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

ट्रामचे रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकतं. ओल्या रुळावर वळू नका, ब्रेकही लावू नका. उभ्या मोटारींपासून किमान एक मीटर लांब राहा, दार कधीही उघडतं. वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला घुसू नका, तिथे तुम्ही चालकाला दिसत नाही.

पंक्चर झालं तर ठिगळ लावत बसू नका, ट्यूबच बदला. नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काच तिथेच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते.

सायकल कुठल्या गाडीत चालते, आरक्षण लागतं का, गर्दीच्या वेळी मनाई आहे का, हे तिकिटाआधी बघा. घडीची सायकल पिशवीत घातली की बऱ्याच ठिकाणी सामान म्हणून चालून जाते. साधी असेल तर गाडी येण्याआधी फलाटावरच पिशव्या उतरवून एकत्र बांधा. लादलेली सायकल डब्याच्या पायरीवर एकट्याने चढत नाही. आत चेनची बाजू भिंतीकडे करा, म्हणजे वंगण कुणाच्या कपड्यांना लागणार नाही. ब्रेकचा दांडा दाबून त्यावर जाड रबर चढवलं की सायकल घरंगळत नाही. उतरल्यावर ते काढायला विसरू नका.