सारख्याच वाटणाऱ्या फोनमधून एक निवडताना: नेटवर्क, फोन आणि हप्त्यांचा हिशोब

सोयाबीनचा पैसा हातात आला आणि दसरा-दिवाळी तोंडावर आली, की मराठवाड्यातल्या अनेक घरांत नव्या फोनचा विषय निघतो. छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेट परिसरात किंवा लातूरच्या गंजगोलाईत गेले, की १२ ते १८ हजारांच्या दरम्यानचे चार-पाच फोन असे समोर मांडले जातात, ज्यांचे कॅमेऱ्याचे, बॅटरीचे आणि रॅमचे आकडे जवळजवळ तेच असतात. अशा वेळी आधी फोन पसंत करायचा आणि सिम, रिचार्ज, हप्ते यांचे नंतर पाहायचे, ही पद्धत महागात पडते. माझ्या मते क्रम उलटा असावा: आधी नेटवर्क, मग फोन आणि शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ देऊन, पैशांचा व्यवहार.

नेटवर्कची परीक्षा दुकानात होत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी रेंजची फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती गावात, वस्तीवर आणि शेतात, विशेषतः बीड-धाराशिवकडच्या, बालाघाटाच्या डोंगराआड वसलेल्या वाड्यांमध्ये. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन थोडा वेळ मागून घ्यावेत आणि घरातल्या आतल्या खोलीत, विहिरीजवळ, तसेच रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे सगळे गाव एकदम मोबाइलवर असते तेव्हा, एखादा कॉल लावून आणि एखादा व्हिडिओ चालवून पाहावा. देशात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण ५जी लिहिलेला प्रत्येक फोन प्रत्येक लहरीवर चालतोच असे नाही. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झची लहर आहे, जिला फोनच्या माहितीपत्रकात एन२८ असे म्हणतात. ही लहर लांबवर जाते आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येते, त्यामुळे गावाकडे तिचा उपयोग जास्त. शहरात अधिक वेग देणारी लहर एन७८ आहे. जिओचे सिम वापरणाऱ्याने हे दोन्ही बँड, म्हणजे या दोन्ही लहरी, फोनमध्ये आहेत ना, याची खात्री माहितीपत्रकावरून करून घ्यावी.

आता फोन. इथे मोठ्या अक्षरांत छापलेल्या आकड्यांपेक्षा बारीक अक्षरांतली माहिती कामाची असते. ५० मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे सारखे फोटो काढत नाहीत, आणि ‘८ जीबी अधिक ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असते तेव्हा दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजचाच काही भाग रॅमसारखा वापरण्याची सोय असते, खरी रॅम नव्हे. दोन फोनची किंमत आणि रॅम सारखी असेल, तर स्टोरेज कोणत्या प्रकारचे आहे ते विचारावे: ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज यूएफएसच्या मानाने बरेच संथ असते, आणि फोन भरत गेला की तो अडखळू लागण्याचे हे एक मोठे कारण असते. काही वेळा एकच फोन थोड्याफार फरकाने दोन नावांनी विकला जातो; रेडमी आणि पोको या नावांखाली असे जुळे फोन आलेले आहेत, त्यामुळे दोन्ही माहितीपत्रके शेजारी ठेवून ओळीने वाचली तर नुसत्या नावासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत.

पडदा मात्र हातात घेऊनच पाहावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि फोनचे निम्मे काम उन्हात होते: मोंढ्यात भाव पाहणे, ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून फोटो काढणे, हातगाड्यावर क्यूआर कोड स्कॅन करणे. दुकानदाराला विनंती करून दोन्ही फोन दुकानाच्या पायरीवर उन्हात आणावेत, दोन्हींचा उजेड पूर्ण वाढवावा आणि एकच संदेश दोन्हींवर उघडून वाचावा. ज्या फोनवर हाताची सावली न धरता अक्षरे वाचता येतात, तो आपल्या कामाचा. या एका तपासणीत बहुतेक वेळा दोनातला एक फोन आपोआप बाजूला पडतो, असा माझा अनुभव आहे.

सॉफ्टवेअरचे आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हेही लेखी स्वरूपात पाहून घ्यावे. सॅमसंगने २०२४ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या बेताच्या किमतीच्या फोनला सहा वर्षांचे आश्वासन दिले. त्याच किमतीत दोन-तीन वर्षांवर थांबणारे फोनही मिळतात. अँड्रॉइड फार जुने झाले की बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप चालेनाशी होतात, म्हणून हा फरक थेट पैशांचा आहे. अधिकृत सेवा केंद्र तालुक्याला आहे, की पडदा फुटल्यावर नांदेड किंवा संभाजीनगर गाठावे लागेल, हेही आधीच विचारावे.

पैशांच्या व्यवहाराबद्दल थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे फोन एकीकडून आणि सिम दुसरीकडून घेतले जात असल्यामुळे करार म्हणून एकच कागद सहसा हातात येत नाही. हप्ते, रिचार्ज, जुन्या फोनची बदली आणि मध्येच जोडला जाणारा विमा हे सगळे मिळून तो करार तयार होतो. बिनव्याजी हप्ता म्हणजे व्याज नसते असे नाही. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज दुसऱ्या रूपात लपलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट शब्दांत सुनावले होते. समजा एक फोन रोखीने १४ हजारांना मिळतो आणि हप्त्यांवर तोच १५ हजारांना दिला जातो. सुरुवातीला ३ हजार रुपये भरणा, ७०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि पुढे १५०० रुपयांचे ८ हप्ते, म्हणजे एकूण १५,७०० रुपये झाले. जादा गेलेले १७०० रुपये किरकोळ वाटतात, पण १४ हजारांच्या रोख किमतीपैकी ३,७०० रुपये आपण सुरुवातीलाच भरले, म्हणजे प्रत्यक्षात उधार मिळाले फक्त १०,३०० रुपये, तेही आठ महिन्यांत फेडायचे. गावाच्या भाषेत हा शेकडा साडेतीन रुपये महिना दर झाला, आणि त्या दराने सावकाराकडून पैसे उचलायला आपण धजावणार नाही.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘हप्ता किती?’ असा नसावा. ‘रोख दिले तर काय भाव लावाल?’ असा असावा. त्यानंतर शुल्क, विमा आणि सर्व हप्ते यांची बेरीज कागदावर मांडायला सांगावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांना कर्जाचा वार्षिक खर्च एका पत्रकात लिहून देणे बंधनकारक आहे. ते पत्रक सही करण्याआधी मागावे. हप्ता थकला तर फोन लॉक करणारे अ‍ॅप त्यात टाकले जाते का, हेही विचारावे. ज्यांच्या घरात पैसा खरिपाला आणि रब्बीला असा दोनदाच येतो, त्यांनी दर महिन्याचा हप्ता मागे लावून घेण्याआधी विशेष विचार करावा, कारण जून-जुलैत बी-बियाण्यांच्या खर्चातच तो हप्ता येऊन पडतो. नोकरदारांना क्रेडिट कार्डावरची तत्काळ सवलत खरोखर फायद्याची ठरू शकते. शेतकरी कुटुंबाने मात्र शक्य असेल तर काढणीनंतर रोखीने घ्यावे आणि तोपर्यंत जुना फोन बॅटरी बदलून चालवावा.

रिचार्जचा खर्च तर कोणी मोजतच नाही. २८ दिवसांच्या मुदतीमुळे वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. ३०० रुपयांचा रिचार्ज धरला तर वर्षाला ३९०० आणि तीन वर्षांत ११,७०० रुपये, म्हणजे फोनच्या किमतीच्या जवळपास. वर्षभराचा प्लॅन बहुतेक वेळा स्वस्त पडतो, पण त्या कंपनीच्या रेंजची खात्री झाल्यावरच तो मारावा, कारण नंबर दुसऱ्या कंपनीत नेल्यावर उरलेली मुदत बुडते. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंटरनेट लागत नसेल, तर केवळ कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना बंधनकारक केले आहे. ते जाहिरातीत ठळकपणे दिसत नाहीत, मागावे लागतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे. त्यानंतर इंग्रजीत ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर लिहून १९०० वर संदेश पाठवला की नव्या कंपनीला द्यायचा कोड येतो.

खोके आपल्यासमोरच उघडून घ्यावे, चार्जर आत आहे का ते पाहावे आणि *#०६# दाबून पडद्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. वापरलेला फोन घेताना तो क्रमांक सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासावा, म्हणजे चोरीचा फोन गळ्यात पडत नाही. जीएसटीचे पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फोनबाबत तक्रार उद्भवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही.