गाडीची एएमसी कशी विकावी? सांगली-मिरजेतल्या डिटेलिंगवाल्यांसाठी

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवलेला संरक्षक थर) करून दिलेली गाडी सहा महिन्यांनी परत येते ती बॉनेटभर बारीक गोल रेघा घेऊनच. मधल्या काळात ती कुठेतरी एकाच बादलीत, एकाच फडक्याने आणि कपड्यांच्या पावडरीने धुतली गेलेली असते. वर गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं कोटिंग टिकलं नाही." कोटिंगमुळे घाण सहज निघते, पण धुवावं लागतंच. ते धुणं वर्षभरासाठी आपल्याकडे बांधून घ्यायचं. वॉटर प्युरिफायरमुळे एएमसी, म्हणजे वर्षभराचा देखभाल करार, हा शब्द घरोघरी माहीत आहे, तोच वापरा.

१. प्लॅन दोनच ठेवा. साध्या प्लॅनमध्ये महिन्याला दोन वॉश : पीएच न्यूट्रल (कोटिंगला न खाणारा सौम्य) शाम्पू, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची), मायक्रोफायबरचं मऊ फडकं, आतून व्हॅक्यूम. मोठ्या प्लॅनमध्ये हेच, शिवाय दर तीन महिन्यांनी आयर्न रिमूव्हर (रंगावर चिकटलेले लोखंडाचे कण काढणारं द्रव) आणि कोटिंगला उजाळा देणारा सिलिका स्प्रे. पर्याय वाढले की माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणतो, आणि तो विषय तिथेच संपतो.

२. वॉशचा दर त्याला लागणाऱ्या वेळेवरून काढा. शाम्पू स्वस्त असतो, महाग असतो पोरांचा वेळ. नियमित येणारी गाडी कमी मळते, लवकर उरकते, म्हणून सुट्या वॉशपेक्षा थोडी सूट परवडते. निम्म्या दराच्या नादी मात्र लागू नका. हॅचबॅक आणि मोठी एसयूव्ही यांचे दर वेगळे. ऊस हंगामात शेतातून चिखल थापून आलेल्या गाडीला जादा आकार, हे आधीच लिहून द्या. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे असेल तर जीएसटी नोंदणी लागते. मग १८ टक्के धरूनच दर सांगा, नाहीतर बिल बघून वाद होतो.

३. डिलिव्हरीच्या वेळीच विषय काढा. नंतर फोनवर हे विकलं जात नाही. गाडी चमकत उभी असते तेव्हा एलईडी टॉर्च बॉनेटवर तिरपा धरा आणि पॉलिश केलेला भाग दाखवा. शेजारी तशीच जुनी, रेघांची गाडी असेल तर तिच्यावरही टॉर्च मारा. मग, समजा गिऱ्हाईक डॉक्टर आहे, तर एवढंच बोला : "डॉक्टर, बोअरचं पाणी उन्हात सुकलं की क्षाराचे डाग बसतात. घरी पाइप मारू नका. दर दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी आमचा मुलगा हॉस्पिटलच्या पार्किंगमधून गाडी घेऊन जाईल, ओपीडी संपायच्या आत परत लावेल."

विकायचा असतो तो हा बुधवार. सवलत कोणीही देतं. ठरलेला वार आणि गाडीची ने-आण मिळाली की गिऱ्हाईकाच्या डोक्याचा एक ताप कमी होतो. आपलाही फायदा असा, की रविवारी रांग आणि आठवडाभर माश्या मारणं थांबतं.

दुसरं आमिष खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाला गाडी धुवून हवी असते. त्या दिवसाच्या वेळा एएमसीवाल्यांसाठी राखून ठेवा. पूजेनंतर बॉनेटवर राहिलेले हळद-कुंकवाचे डाग पुढच्या वॉशमध्ये काढून देऊ, हेही सांगा. घरी कोरड्या फडक्याने पुसले की रेघा ठरलेल्या.

४. "पावसात कशाला धुवायची?" हे ऐकावं लागणारच. जुलै-ऑगस्टमध्ये एक वॉश बदलून खालून चिखल काढणं आणि आतल्या ओल्या मॅट सुकवणं द्या. कुबट वास आलेल्या गाडीचा मालक मग वाद घालत नाही.

५. पैसे. यूपीआय ऑटोपे लावा, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी गिऱ्हाईकाला सूचना जाते, ते आधीच सांगून ठेवा. नाहीतर घाबरून तिथेच रद्द करतात. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला दर महिन्याची कापाकापी रुचत नसेल तर तिमाही रक्कम घ्या.

६. नियम एका कागदावर. चुकलेला वॉश पुढच्या महिन्यापर्यंतच चालेल. प्रत्येक वॉशनंतर दोन फोटो व्हॉट्सॲपवर. मध्येच बंद करायचं म्हटलं तर झालेले वॉश सुट्या दराने धरून उरलेले पैसे त्याच दिवशी परत करा, घासाघीस न करता. पुढच्या दसऱ्याला तो परत येण्याची शक्यता त्यामुळेच उरते.