पिकअपसाठी नवे शॉकअप निवडताना
सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पोती भरून निघालेली पिकअप घाट चढते, तेव्हा वजन मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पेलतात. शॉकअप केवळ पाट्यांची उसळी आवरतो, म्हणून गाडी मागे बसत असेल तर आधी पाटे पाहावेत. नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला, तर मात्र शॉकअप संपला असे समजावे. नवा घेताना पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली, अशा दोन्ही लांब्या जुन्याशी ताडून पाहाव्यात, कारण दाबलेली लांबी जास्त निघाल्यास खड्ड्यात बंप स्टॉपच्या (धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याच्या) आधी शॉकअपच आपटतो. सतत भरलेल्या गाडीला गॅसचा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा शॉकअप, बरा, कारण तो लवकर थंड होतो. रिकाम्या फेऱ्यांना तो कडक वाटू शकतो. दुकानदार एकच देऊ पाहत असला, तरी एका अ‍ॅक्सलचे दोन्ही शॉकअप बुशसकट (टोकांच्या रबरी कड्यांसकट) एकदमच बदलावेत.