लॉ फर्मला रायटिंग सॅम्पल पाठवताना मी काय चुकले, काय बदललं

लॉच्या चौथ्या वर्षाला होते तेव्हा मुंबईतल्या एका फर्मने सीव्हीसोबत रायटिंग सॅम्पल, म्हणजे स्वतःच्या कायदेविषयक लिखाणाचा नमुना, मागितलं आणि मी हाताशी होतं तेच पाठवून दिलं, मूटचं (सराव खटल्याच्या स्पर्धेचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, चांगलं २८ पानांचं. इंटरव्ह्यूला सीनियर असोसिएटने ११ व्या पानावरचा एक पॅरा काढला आणि विचारलं, ही केस इथे का लावलीस? तो पॅरा माझा नव्हताच, टीममधल्या मैत्रिणीने लिहिला होता. मी तसं खरं सांगितलं, पण पुढची दहा मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत.

म्हणून पहिलं हेच सांगते, सॅम्पलमधलं प्रत्येक वाक्य तुमचं असू द्या आणि ते का लिहिलं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मेमोरियलच पाठवायचं असेल तर फक्त स्वतः लिहिलेला इश्यू, म्हणजे वादाचा मुद्दा, काढून पाठवा आणि वर तसं स्पष्ट लिहा. पण मेमोरियल एकाच बाजूने भांडतं, फर्ममध्ये रोजचं काम वेगळं असतं, क्लायंटने काहीतरी विचारलेलं असतं आणि त्याला खरं उत्तर हवं असतं. त्यामुळे मी नंतर नवीन मेमोच लिहिला, म्हणजे क्लायंटच्या प्रश्नाला दोन्ही बाजू तोलून दिलेलं लेखी उत्तर.

विषय घेतला लॉक-इनचा, म्हणजे ज्या काळात जागा सोडायची नाही असं करारात ठरलेलं असतं तो. लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेलं ऑफिस लॉक-इन संपायच्या आत सोडलं तर मालकाला उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे मिळतात का? गाडी येते कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, १८७२ च्या कलम ७४ वर, करार मोडला तर द्यायची रक्कम करारातच लिहिली असेल तेव्हाचं हे कलम. त्यावर सुप्रीम कोर्टाचे तीन निकाल. फतेहचंद, १९६३, पाच न्यायाधीशांचं बेंच, करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, तो कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. मग सॉ पाइप्स, २००३, नुकसान सिद्ध करणं अवघड असेल आणि आकडा हा आधीच केलेला प्रामाणिक अंदाज असेल तर तो देता येतो. मग कैलाश नाथ, २०१५, नुकसान झालेलंच नसेल तर भरपाई नाही, आणि जिथे ते सिद्ध करणं शक्य आहे तिथे सिद्ध करावंच लागतं. माझा क्लायंट जागा सोडणारा होता, म्हणजे सॉ पाइप्स मला अडचणीची, पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ती तळटीपेत ढकलली होती. नंतर तिच्यावरच दीड पान लिहिलं, कारण रिकामी जागा पुन्हा भाड्याने देऊन मालकाचं नेमकं किती बुडलं हे दाखवता येतं, मग सिद्ध करणं अवघड कसं? मेमोतला सगळ्यात चांगला भाग तोच झाला.

माझे काका तालुका कोर्टात वकिली करतात, त्यांना प्रिंट दिली तर दोन पानं वाचून म्हणाले, "अगं, पण उत्तर कुठंय?" उत्तर सातव्या पानावर होतं! ते उचलून प्रश्नाच्या लगेच खाली आणलं, चार ओळीत.

जजमेंट पूर्ण वाचा, हेडनोटवरून (निकालाच्या वर छापलेल्या सारांशावरून) कोट उचलू नका, हेडनोट निकाल छापणाऱ्या लॉ रिपोर्टचा संपादक लिहितो, कोर्ट नाही. फौजदारी विषय असेल तर तारखा बघा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, ४२० ची फसवणूक आता कलम ३१८(४) मध्ये गेली, पण त्याआधीच्या गुन्ह्याला आयपीसीच (जुनी दंडसंहिता) लागते.

इंटर्नशिपमधला ड्राफ्ट पाठवायचा मोह सगळ्यांना होतो. लेखी परवानगीशिवाय नकोच, आणि मिळाली तरी नुसती नावं बदलून भागत नाही, सर्व्हे नंबर, रक्कम, तारखा यावरून माहीतगार माणूस पार्टी ओळखतो. फाइलमध्ये नावं झाकायला मारलेल्या काळ्या पट्टीखालचं अक्षर तर कॉपी-पेस्ट केलं की बऱ्याचदा बाहेर येतं. जे पाठवताय ते गुप्ततेबद्दल तुम्ही किती जपता याचाही नमुनाच असतो.

लांबी फर्मने सांगितली असेल तर तीच, नाहीतर मी ८-१० पानांच्या वर जात नाही. वर तीन ओळींची टीप, हे काय आहे, कधी लिहिलं, कुणी तपासून बदल सुचवले का. काकांनी वाचलंय हे मी त्यात लिहिते. शेवटी ट्रॅक चेंजेस आणि कमेंट्स काढून पीडीएफ करा आणि ती पीडीएफ दुसऱ्या कुणाच्यातरी मोबाइलवर उघडून बघा, माझ्या एका फाइलमध्ये तळटीपांचे नंबर सगळे सरकले होते ते तिथेच दिसलं.